आधी वास, मग फोटो

व्हॅलेंटाइनला, फ्रेशर्स पार्टीला, गेला बाजार सेंड-ऑफला मिळालेला शेवटचा गुलाब आठवून बघा. लांबलचक दांडा, चकचकीत कागद, पाकळ्या अशा की जणू इस्त्री करून ठेवल्यात. हातात आल्यावर पहिल्यांदा काय केलंत? नाकापाशी नेला. सगळेच नेतात. आणि मग काय आलं नाकात? काहीच नाही. फार तर दुकानातल्या फ्रिजचा गारवा.

आपल्या पिढीला याचं काही वाटत नाही, कारण गुलाब म्हणजे दिसायची गोष्ट हे आपण धरूनच चाललोय. वास हवा तर तो साबणात, अगरबत्तीत, सरबतात आणि फालुद्यात. पण लग्नाच्या दारात उभी असलेली ती चांदीची गुलाबदाणी आठवा, जिच्यातून पाहुण्यांवर चार थेंब शिंपडतात आणि कुणाच्या तरी चष्म्यावर हमखास उडतात. फुलाला वासच नसता तर ही भानगड कुणी कशाला केली असती?

गंमत म्हणजे ‘गुलाब’ हा शब्दच मुळात फुलाचा नाही. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हे फुलापासून काढलेल्या पाण्याचं नाव. आपण ते उचललं आणि फुलालाच लावलं. त्यामुळे आपण जेव्हा ‘गुलाबपाणी’ म्हणतो तेव्हा शब्दशः ‘फूल-पाणी-पाणी’ म्हणत असतो! वास इतका महत्त्वाचा होता की पाण्याचं नावच फुलाला चिकटलं. मुघल बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहाँच्या आईला देतो. गरम गुलाबपाणी भांड्यात ओतताना वर जो तेलकट तवंग जमायचा, तो तिनं बारकाईनं गोळा केला म्हणे. कनौजला आजही तांब्याच्या मोठ्या देगमध्ये पाकळ्या आणि पाणी तापवून, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवून अत्तर काढतात. एक किलो शुद्ध तेलासाठी साधारण तीन ते चार टन फुलं लागतात. आता त्या बुकेमधल्या गुलाबाकडे पुन्हा एकदा बघा. त्याचे चार टन उकळले तरी हाती काय लागेल?

वास गेला कुठे?

गुलाबवेड्या लोकांच्या जगात १८६७ या सालावर एक रेघ मारलेली आहे. त्या वर्षी फ्रान्समधल्या गियो यांनी ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब आणला. हायब्रीड टी या आधुनिक प्रकारातला तो पहिला मानतात. त्याच्या आधीपासून असलेल्या घराण्यांना म्हणायचं जुने गुलाब. लगेच ‘नवा म्हणजे बिनवासाचा’ असं समीकरण मांडू नका हं. ‘ला फ्रान्स’ स्वतः चांगला सुगंधी होता. आजही ‘क्रिमसन ग्लोरी’, ‘पापा मेयाँ’, ‘डबल डिलाइट’ हे हायब्रीड टी वासासाठीच ओळखले जातात. घोळ झाला तो पुढे, गुलाब बागेतून निघून ट्रकमध्ये आणि विमानात चढला तेव्हा.

मावळात, तळेगावच्या बाजूला गेलात तर रस्त्यावरून पांढरी पॉलिहाउस दिसतात. तिथला ‘टॉप सीक्रेट’ किंवा ‘ताजमहल’ फेब्रुवारीच्या आधी परदेशी जातो. दांडा सरळ हवा, कळी घट्ट हवी, कोल्ड स्टोअरेजमध्ये टिकायला हवी, फुलदाणीत आठवडाभर उभी राहायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या रोपं निवडताना या परीक्षा घेतल्या गेल्या. वासाचा पेपरच नव्हता. कुणी ठरवून वास हाकलला नाही, फक्त त्याची चौकशी करायचं सगळे विसरले. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. विकत घेणारे आपणच, आणि आपण फोटोकडे बघून घेतो.

यामागचं रसायन २०१५ मध्ये बरंच स्पष्ट झालं. फ्रेंच संशोधकांनी सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि जवळपास बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ यांची तुलना केली. गुलाबाच्या वासातला एक मुख्य घटक म्हणजे जेरॅनिऑल. इतर झाडं तो ज्या मार्गानं बनवतात, त्यापेक्षा गुलाबाचा मार्ग वेगळाच निघाला. गुलाब त्यासाठी एनयूडीएक्स-१ नावाचं एन्झाइम वापरतो. बिनवासाच्या गुलाबात त्याचं जनुक जवळजवळ झोपलेलं होतं. थोडक्यात, वास उडून गेलेला नसतो. त्याचा कारखानाच बंद पडलेला असतो, आणि कितीही खत घातलं तरी तो सुरू होत नाही. म्हणून डच गुलाबाच्या कुंडीला ‘वास येण्यासाठी’ कॉफी, केळीची सालं, अंड्याची टरफलं घालणारी रील्स बघत असाल तर पुढे सरका.

एडवर्ड नावाचा गावठी

फुलबाजारात ‘गावठी गुलाब’ किंवा ‘देशी गुलाब’ हे एका जातीचं नाव नाही. गुलाबी रंग, मऊ आणि पातळ पाकळ्या, विस्कटलेला आकार आणि दोन हातांवरून येणारा वास असलं की फुलवाले त्याला गावठी म्हणतात. लहानसा, गडद रंगाचा ‘काश्मिरी’ किंवा ‘बटण’ गुलाब वेगळा. तो हाराला छान, पण नाकाला कोरडा.

या गावठी मंडळींत एका गुलाबाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचं नाव एडवर्ड. हिंदी महासागरात आज रियुनियन म्हणतात ते बेट एकेकाळी बोरबाँ म्हणून ओळखलं जायचं. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचं कुंपण घालायचे. कुंपणात दोन गुलाब शेजारी शेजारी असायचे, एक वर्षातून दोनदा फुलणारा दमास्क आणि दुसरा चीनकडून आलेला, जवळजवळ वर्षभर फुलणारा ‘ओल्ड ब्लश’. १८१७ च्या सुमारास ब्रेआँ नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या नजरेला तिथं एक वेगळंच रोप पडलं. दोघांचा आपोआप झालेला संकर! तिथले लोक त्याला ‘रोझ एदुआर’ म्हणायचे. १८१९ मध्ये त्याचं बी पॅरिसला गेलं आणि युरोपात बोरबाँ गुलाबांचं अख्खं घराणं उभं राहिलं. वास दमास्कचा आणि पुन्हा पुन्हा फुलायची सवय चिनी. भारतात ‘एदुआर’चा झाला एडवर्ड.

आपल्या हवेत हे दुसरं वरदान फार मोठं आहे. खरा दमास्क, म्हणजे कनौजच्या अत्तरात जाणारा चैती गुलाब, हाथरस-अलीगढच्या पट्ट्यात थंडी खाऊन मार्च-एप्रिलमध्ये एकदाच भरभरून फुलतो. पुण्या-मुंबईच्या थंडीवर त्याचं भागत नाही. फांद्या वाढवत बसतो, फुलं मोजकीच देतो. एडवर्डचा तसा हट्ट नाही.

या एडवर्डच्या नशिबी एक विचित्र नोकरीही आली. नर्सरीतले बहुतेक शोभेचे गुलाब स्वतःच्या मुळांवर नसतात. दणकट गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा भरलेला असतो. देशाच्या काही भागांत हा खुंट एडवर्डचा असतो. म्हणजे ज्याला वास आहे तो मातीखाली पाय रोवून उभा, आणि ज्याला नाही तो त्याच्या खांद्यावर बसून फोटो काढून घेतोय. डोळा भरलेल्या जागेच्या खालून जोमदार फांदी फुटली तर ‘जंगली फुटवा’ म्हणून कापून टाकायला सांगतात. नियम बरोबरच आहे, नाहीतर वरचा गुलाब उपाशी मरतो. पण तुमच्या कुंडीतला वरचा भाग आधीच वाळून गेला असेल आणि खालून हिरवं काही येत असेल, तर लगेच उपटू नका. एकदा फुलू द्या. खुंट कुणाचा होता ते कळेल, आणि कधीकधी सौदा फायद्याचा ठरतो.

तळमजल्यावरचं झाड

मी या विषयात शिरले ते आमच्या इमारतीमुळे. चाळीसेक वर्षांची, तीन मजली, आणि अर्थातच रिडेव्हलपमेंटला निघालेली. तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीखाली एक गुलाब होता. माणसाच्या उंचीचा, अस्ताव्यस्त, काटेरी. शाळेत असताना आमचे बॉल त्यातच जायचे. मे महिन्यात सगळ्यांना नव्या फ्लॅटचे प्लॅन दाखवले गेले. पार्किंग, जिम, पोडियम गार्डन, सगळं त्यात होतं. गुलाबाचा प्रश्न कुणी विचारला नाही, विचारायचा असतो असंही कुणाला वाटलं नाही.

जूनमध्ये मी फोन घेऊन त्याचे फोटो काढायला गेले, तर आजी खिडकीतून ओरडल्या, “अगं, आधी वास घे, मग फोटो काढ. फोटोत काय येणारे तो?” मग खाली आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंनी माहेराहून फांदी आणली होती. वाड्यातनं इथं मी आणली. आता नवव्या मजल्यावर भाड्यानं जाणार, तिथं ऊनच नाही. तू ने हो चार काड्या.”

मला त्या दिवशी जे कळलं ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत असतं, पण असं समोर आलं की वेगळं वाटतं. फांदीपासून केलेलं झाड हे त्या झाडाचं मूल नसतं. ते तेच झाड असतं. आजींच्या सासूबाईंच्या माहेरी जे होतं तेच हे, जसंच्या तसं. त्याचं बी कुठल्या पाकिटात मिळत नाही, लेबल नाही, कॅटलॉगमध्ये फोटो नाही. फांदी एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर ते आहे, नाही गेली तर जेसीबी आला त्या सकाळी ते संपलं. तुमच्या गावच्या घराच्या परसात, आत्याच्या वाड्यात, देवळामागच्या आडाशेजारी असा एखादा गुलाब असेल तर तो कुठल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जपून ठेवलाय या भ्रमात राहू नका.

आम्ही दहा काड्या लावल्या. चार जगल्या. दिवाळीनंतर इमारत पडली.

काडी कशी लावायची

हे फार अवघड नाही. जुने गुलाब स्वतःच्या मुळांवर मजेत वाढतात, डोळा भरायची गरजच नसते. नुकतंच फुलून गेलेली, पेन्सिलएवढी जाड फांदी निवडा. अगदी कोवळी कुजते, अगदी जून झालेली रुसते. सहा ते आठ इंचांचा तुकडा, त्यावर निदान तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा थोडा तिरका. वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढून टाका. वाळू आणि कोकोपीट अर्धं-अर्धं घ्या, अर्धी काडी आत जाऊ द्या, भोवती बोटांनी दाबा. आजी खालचं टोक ओल्या शेणात बुडवतात, मी दुकानातली रूटिंग पावडर लावली. जगलेल्या चारांत दोघींच्या दोन-दोन निघाल्या, तेव्हा हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

कुंडी सावलीत ठेवा. पाण्याची बाटली मधोमध कापून काडीवर उपडी घातली की आत दमटपणा राहतो. आणि आता सगळ्यात कठीण भाग येतो. दहा-पंधरा दिवसांत हिरवे कोंब दिसतील आणि तुम्ही स्टोरी टाकाल. थांबा. ते कोंब काडीत साठलेल्या अन्नावर आलेले असतात, मुळं धरायला चार ते सहा आठवडे लागतात. ‘मुळं आली का’ हे बघायला काडी हलवलीत तर आलेली तुटतात.

वेळ दोनदा मिळते. एक पावसाळ्यात, पण कोकणात आणि मुंबईत कोसळत्या पावसात काड्या उघड्यावर ठेवू नका, कुजतात. दुसरी ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस सरल्यावर. तेव्हा घरोघरी गुलाबांची छाटणी होते आणि ढीगभर फांद्या कचऱ्यात जातात. शेजारी कात्री घेऊन गच्चीत दिसले की गोड बोलायला जा.

फांदी देणारं कुणीच नसेल तर नर्सरीत जा, पण ‘सुगंधी गुलाब आहे का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘वासाचा गावठी, छाट कलमाचा किंवा गुटीचा, डोळा भरलेला नको’ असं सांगा. फूल आलेलं रोपच घ्या आणि जमलं तर सकाळी जा. वास सकाळी भरात असतो, दुपारच्या उन्हात उडून गेलेला असतो. अत्तरवाल्यांची तोडणीसुद्धा म्हणूनच उजाडण्याच्या आसपास चालते. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या गुलाबांचा वास आणि नव्यांचं सतत फुलणं एकत्र आणलं. ते गुलाब दिसायला वेड लावतात, पण पहिल्या झाडासाठी मी ते सुचवणार नाही. महाग पडतात आणि आपल्या मे महिन्याची त्यांना सवय नाही.

फांदी वाकवा

बाल्कनीत जागा किती, यापेक्षा ऊन किती हे मोजा. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर दुसरं काहीतरी लावा, खरंच. कुंडी चौदा-सोळा इंचांची, खाली मोकळी भोकं. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू. पाणी सकाळी, मुळाशी. पानांवर शॉवर मारलात तर काळे ठिपके येतात. मावा दिसला तर आधी पाण्याची जोरदार धार, नाहीच ऐकला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा. बास.

खरी मजा छाटणीत आहे, कारण इथं सगळे चुकीचा नियम लावतात. हायब्रीड टी गुलाब ऑक्टोबरमध्ये गुडघ्याएवढा ठेवून कापतात. जुन्या झुडूप गुलाबाला असं कापलंत तर तो वर्षभर फांद्याच भरून काढत बसतो. त्याची फक्त वाळकी, बारीक आणि एकमेकांत गुंतलेली फांदी काढायची आणि लांब फांद्यांचे शेंडे खुडायचे. मग या चार-पाच फुटी हंटरचं करायचं काय? वाकवायच्या. उभ्या फांदीत शेंड्याची दादागिरी चालते. तिथं तयार होणारं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं, म्हणून फूल फक्त टोकाला येतं. फांदी हळूहळू आडवी केली की ही सत्ता मोडते. मग पेराच्या प्रत्येक डोळ्यातून छोटी फांदी उठते आणि प्रत्येकीच्या डोक्यावर कळी. बागेत लोक खुंटी ठोकून फांदी जमिनीलगत बांधतात. आपल्याकडे खुंटी नाही, पण ग्रिल आहे! बाल्कनीच्या गजाला सुतळीनं आडवी बांधा. घट्ट गाठ नको, आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. एकाच दिवशी पूर्ण वाकवायला जाऊ नका, मोडते. दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी.

छाटणीनंतर साधारण दीड महिन्यानं फुलं येतात, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाला, डिसेंबरच्या सुरुवातीला. एक सांगून ठेवते, हा गुलाब तुम्हाला आठवडाभर पुरणार नाही. सकाळी उमलतो, दुसऱ्या दिवशी पाकळ्या खाली. बाजारानं त्याला सोडलं ते याच कारणासाठी. बुकेवाल्याला परवडणार नाही हे मान्य, पण बाल्कनीत उभं राहून चहा पिणाऱ्याला काय फरक पडतो?

आणि पडलेल्या पाकळ्यांचं काम असतंच. काचेची बरणी घ्या, तळाशी पाकळ्यांचा थर, त्यावर तेवढ्याच वजनाची कुटलेली खडीसाखर. पुढचं फूल उमललं की पुढचा थर. एका झाडाला एकदम किलोभर फुलं येत नाहीत, आणि गुलकंदाला त्याची गरजही नसते. तो हप्त्याहप्त्यानं बनतो. बरणी भरली की झाकण लावून तीन-चार आठवडे उन्हात, अधूनमधून कोरड्या चमच्यानं हलवायची. अट एकच, झाडावर रासायनिक फवारा मारलेला नसावा. म्हणूनच बुकेतल्या किंवा हारातल्या गुलाबाचा गुलकंद करायला जाऊ नका.

आमच्या चार रोपांपैकी दोन माझ्या खिडकीत आहेत, एक मैत्रिणीच्या गच्चीवर नाशिकला गेलं. चौथं आजींनी नव्या जागेच्या वॉचमनला दिलंय, गेटपाशी ऊन चांगलं येतं म्हणून. पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाक, रोप दणकट होतं, असं त्यांनी मला बजावलं होतं. सात खुडल्या. आठवी आजींच्या परवानगीनं ठेवली आहे.